शाळेची वाट पायाखालची व्हावी म्हणून

मुलांनी शाळेत पायी किंवा सायकलने जावे का, आणि जावे तर कोणत्या वयापासून व कोणत्या तयारीने, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळच्या सदरासाठी निवडली आहेत. पत्रे लांब होती. त्यांतील प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा असून तिसरीत शिकतो. शाळा घरापासून जेमतेम सातशे मीटरवर आहे, तरीही मी त्याला रोज स्कूटरवरून सोडते. गेल्या महिन्यापासून त्याने एकट्याने चालत जाण्याचा हट्ट धरला आहे. वाटेत एक वर्दळीचा रस्ता ओलांडावा लागतो. घरातले सगळे म्हणतात, "दहा वर्षांचा होऊ दे, मग बघू." मुलांना एकटे सोडण्याचे योग्य वय नेमके कोणते?

उत्तर : घरच्यांनी सांगितलेला दहाचा आकडा अगदीच हवेतला नाही. साधारण त्या वयापर्यंत वर्दळीचा रस्ता मुलांनी मोठ्या माणसाबरोबरच ओलांडावा, असे रस्ता-सुरक्षेचे काम करणाऱ्या अनेक संस्था सुचवतात. मला खटकतो तो 'मग बघू' यातला 'मग'. दहाव्या वाढदिवशी मुलाला रस्ता आपोआप कळू लागत नाही. आणखी दोन वर्षे स्कूटरवर तुमच्या पाठीला टेकून गेलेला मुलगा दहाव्या वर्षीही त्या वाटेला नवखाच असेल, आणि आजपासून तुमच्याबरोबर चालू लागलेल्या मुलाला त्याच वाटेवरचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक फाटक आणि गाडी अचानक जिथून बाहेर येते तो प्रत्येक बोळ ठाऊक झालेला असेल. म्हणून वय किती, यापेक्षा ती वाट त्याच्या पायाखालची झाली आहे का, हे मी आधी विचारेन.

तरीही वयाचा संबंध का येतो, ते समजून घ्यायला हवे, कारण त्यात मुलाच्या शहाणपणाचा काही दोष नसतो. स्वीडनमधील संशोधक स्टिना सँडेल्स यांनी १९६०च्या दशकात लहान मुलांचे रस्त्यावरचे वागणे बारकाईने अभ्यासले आणि लहान मुलाला वाहतुकीच्या साच्यात पूर्णपणे बसवता येत नाही, वाहतुकीनेच त्याच्याशी जुळवून घ्यायला हवे, असे ठामपणे मांडले. पुढे २०१०च्या सुमारास लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील मानसशास्त्रज्ञांनी प्राथमिक शाळेतील मुलांची दृष्टी तपासली. समोरून येणारे वाहन डोळ्यांना हळूहळू मोठे होत गेलेले दिसते आणि त्यावरून मेंदू त्याचा वेग ताडतो. मात्र वाहन ताशी साधारण ३० किलोमीटरपेक्षा जोरात येत असेल, तर ते जवळ येत आहे हेच या वयाच्या मुलांना वेळेत जाणवेल याची खात्री देता येत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे तुमचा मुलगा "मी नीट बघितले होते" असे सांगेल तेव्हा तो खरेच बोलत असेल. त्याने बघितलेले असते, फक्त वेगाचा अंदाज त्याला आलेला नसतो.

दुसरी अडचण उंचीची. माझ्या मुलीला मी चालत नेऊ लागले तेव्हा ती एका कोपऱ्यावर दर वेळी दोन पावले जास्त पुढे जायची आणि मी दर वेळी रागवायचे. एके दिवशी तिथेच गुडघे टेकून तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघितले. उभी असताना मला कडेला लावलेल्या मोटारीच्या टपावरून पलीकडची वाहने दिसत होती. खाली बसल्यावर मात्र मोटारीचा दरवाजा आणि त्याच्या मुठीवर साचलेली धूळ, एवढेच दिसले. ती पुढे जात होती ती दिसावे म्हणून. त्या दिवसापासून आम्ही वीस पावले पुढे जाऊन, जिथे एकही गाडी उभी नसते अशा जागी रस्ता ओलांडू लागलो. तुम्हीही ही वाट एकदा अशी खाली बसून पाहा. लोक बघतील, बघू द्यात.

आता प्रत्यक्ष सरावाबद्दल. पहिले दोन आठवडे तुम्ही त्याच्याबरोबर चालत जा आणि जे करता ते मोठ्याने बोलून दाखवा: "इथे थांबले, कारण या फाटकातून गाड्या मागे घेत बाहेर येतात." पुढचे दोन आठवडे त्याने बोलायचे आणि तुम्ही गप्प राहायचे. हे वाटते त्याहून अवघड आहे, कारण आपल्या तोंडून 'सांभाळून' हा शब्द सारखा निघतो आणि त्या शब्दातून मुलाला काय करायचे ते काहीच कळत नाही. 'सांभाळून' ऐवजी 'थांब', 'डावीकडे बघ', 'त्या गाडीचा दिवा लागलाय बघ' असे नेमके सांगितलेले त्याच्या उपयोगाचे असते. त्यानंतर तुम्ही दहा पावले मागून चाला. मग फक्त त्या वर्दळीच्या रस्त्यापाशी भेटा, तो ओलांडून द्या आणि पुढे त्याला त्याचा त्याचा जाऊ द्या. सातशे मीटरपैकी बहुतेक वाट तो अशा रीतीने काही महिन्यांतच एकट्याने चालेल, आणि तो एक रस्ता तेवढा मोठ्यांच्या सोबतीने ओलांडण्याचा नियम आणखी वर्ष-दोन वर्षे राहील. त्याचा हट्टही पुरा होतो आणि घरच्यांचे म्हणणेही राहते.

रस्ता ओलांडण्याचे शिकवताना बहुतेक पालक फक्त 'दोन्हीकडे बघ' एवढेच सांगतात. मुले मग मान दोन्हीकडे झटकन फिरवतात आणि काही न बघता निघतात. त्याला कडेला पूर्ण थांबायला शिकवा. ज्या बाजूची वाहने आधी येतात तिकडे, मग दुसरीकडे, मग पुन्हा पहिल्या बाजूला बघायला आणि कानानेही टिपायला सांगा. उभ्या गाड्यांमधूनच जाण्यावाचून इलाज नसेल, तर गाडीच्या बाहेरच्या कडेपर्यंत येऊन तिथे पुन्हा थांबायचे, कारण त्याच्यासाठी खरी कड ती आहे. सिग्नलचा हिरवा माणूस दिसला तरी वळून येणारी गाडी थांबली आहे का, हे पाहायचे. आणि ओलांडताना चालायचे, पळायचे नाही.

एक परीक्षा मात्र विसरू नका. सगळा सराव झाल्यावर त्याच्या एखाद्या मित्राला, त्याच्या आईबाबांसह, शांत रस्त्याच्या पलीकडे उभे करा आणि त्याला हाक मारायला सांगा. तुम्ही अर्थातच हात पकडता येईल इतक्या जवळ असा. महिनाभर शहाण्यासारखा थांबणारा मुलगा मित्राची हाक ऐकताच तीरासारखा सुटतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. तुमचा मुलगा हाक ऐकूनही कडेला थांबला, तर तो तयार आहे असे समजायला हरकत नाही.

प्रश्न : मी सत्तरी ओलांडलेला आजोबा आहे. आम्ही सहाव्या वर्षापासून एकटे शाळेत जात होतो आणि कोणाला काही झाले नाही. आजचे पालक मुलांना फुलासारखे जपून दुबळे करत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्हाला काय वाटते?

उत्तर : मुले दुबळी होत आहेत, ही तुमची तक्रार निराधार नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि शाळेची येजा पायी झाली तर त्यातला बराच वाटा वेगळा वेळ न काढता पदरात पडतो. मात्र दोष एकट्या पालकांच्या माथी मारता येणार नाही. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या ये-जा करण्याची १९७१ मधील पाहणी १९९० मध्ये पुन्हा केली. १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्यांशिवाय शाळेत जात होती. १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले होते. त्याच काळात रस्त्यावर मरण पावणाऱ्या मुलांची संख्या घटली होती, पण रस्ते सुरक्षित झाले म्हणून नव्हे, तर रस्त्यांवरून मुलेच काढून घेतली गेली म्हणून, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेतही १९६९ साली आठवीपर्यंतची जवळपास निम्मी मुले पायी किंवा सायकलने शाळेत जात, आणि २००९ पर्यंत हा वाटा १३ टक्क्यांच्या आसपास आला.

हे एक दुष्टचक्र आहे. रस्त्यावर गाड्या फार, म्हणून मी माझ्या मुलाला गाडीने सोडतो, आणि माझ्या गाडीमुळे शेजारणीला तिच्या मुलीला चालत पाठवण्याची भीती वाटते. 'कोणाला काही झाले नाही' हे वाक्यही, क्षमा असावी, जपून वापरावे असे आहे, कारण ज्यांना काही झाले ते आज पत्र लिहायला उरलेले नाहीत. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यावरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे गेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तिथल्या पालकांनी तेव्हा मुलांना घरात कोंडून घेतले नाही आणि 'आमच्या वेळी' असेही म्हटले नाही. 'मुलांची हत्या थांबवा' अशा अर्थाचे नाव घेऊन ते रस्त्यावर उतरले आणि त्यांनी वाहनांचा वेग व रस्त्यांची रचना बदलायला लावली. १९७३च्या तेलटंचाईनेही त्या मागणीला बळ दिले. तो देश जन्मतःच सायकलींचा होता, असा आपला समज असतो; पण आज तिथे दिसणारे सायकलमार्ग बऱ्याच अंशी या भांडणातून आलेले आहेत.

तुमच्याकडे सकाळचा वेळ आहे आणि तुम्हाला वाटही माहीत आहे. नातवंडांना शाळेपर्यंत चालत नेण्याचे काम तुम्ही घेतले, तर आजच्या पालकांशी वाद घालण्याची वेळच येणार नाही.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे. शाळा तीन किलोमीटरवर आहे आणि त्याला सायकलने जायचे आहे. आवारात तो उत्तम सायकल चालवतो. वाढत्या अंगाचा आहे म्हणून आम्ही मुद्दाम मोठ्या चाकाची सायकल घेतली. हेल्मेटही घेतले. आणखी काय करावे?

उत्तर : प्रथम ती सायकल. वाढत्या अंगाचा सदरा घेतला तर बाही दुमडता येते, सायकलचे तसे नसते. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकत नसतील, तर अचानक थांबावे लागले की तो एका बाजूला कलंडणार, आणि रस्त्यावर ती बाजू वाहनांची असू शकते. सीट खाली घेऊन जमत असेल तर उत्तमच, नसेल तर ती सायकल वर्षभर आवारात राहू द्या आणि बेताची दुसरी मिळवा. मग त्याचा हात पाहा. हँडल धरलेले असताना त्याची बोटे ब्रेकच्या दांड्यांपर्यंत सहज पोचतात का? अनेक मुलांच्या सायकलींचे ब्रेक उत्तम असतात, पण बोटेच पोचत नाहीत. बऱ्याच ब्रेकच्या दांड्यांपाशी एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की दांडी हँडलच्या जवळ येते. सायकल दुरुस्त करणारा दोन मिनिटांत हे काम करून देईल. ब्रेक दोन्ही एकदम आणि अंग किंचित मागे घेऊन दाबायला शिकवा, कारण एकटा पुढचा ब्रेक करकचून दाबला तर मागचे चाक उचलले जाते.

आवारात उत्तम चालवणे आणि रस्त्यावर चालवणे यांत मुख्य फरक मागे बघण्याचा आहे. मोकळ्या जागेत खडूने वीस-पंचवीस मीटरची सरळ रेघ ओढा. त्याला त्या रेघेवरून सायकल चालवू द्या, तुम्ही मागे उभे राहा आणि "बघ" म्हणून हाताची काही बोटे वर करा. त्याने खांद्यावरून मागे बघून किती बोटे ते सांगायचे आणि चाक रेघेवरून हलू द्यायचे नाही. पहिल्या दिवशी बहुतेक मुलांचे चाक हातभर बाजूला जाते, कारण मान वळते तिकडे हँडल वळते. रस्त्यावर तेवढे हातभर अंतर म्हणजे मागून येणाऱ्या वाहनाची वाट. हे जमेपर्यंत आणि एक हात सोडून वळण्याची खूण करताना सायकल डगमगायची थांबेपर्यंत त्याला रस्त्यावर आणू नका. काहींना चार दिवस लागतात, काहींना दोन महिने, आणि त्यावरून मुलाची हुशारी ठरत नाही.

मग सुटीच्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून ती तीन किलोमीटरची वाट सायकलने पार करा. तो पुढे आणि तुम्ही मागे, थोडेसे रस्त्याच्या मधल्या बाजूला, म्हणजे मागून येणाऱ्याला आधी तुम्ही दिसाल. सर्वांत जवळचीच वाट निवडली पाहिजे असे नाही. आतल्या गल्ल्यांतून वाट चार किलोमीटर होत असेल, तर सायकलला त्याची पाच मिनिटे जास्त लागतील, आणि एक मोठा चौक टळत असेल तर हा सौदा स्वस्त आहे. टाळता न येणाऱ्या अवघड चौकात खाली उतरून सायकल हातात धरून ओलांडायची, हे आधीच ठरवून टाका. मुलांना त्यात कमीपणा वाटतो. एकदा तुम्ही स्वतः त्याच्यासमोर उतरून दाखवलेत की तो वाटणार नाही.

दोन धोके त्याला प्रत्यक्ष दाखवायलाच हवेत. एक, कडेला उभ्या असलेल्या मोटारीचा दरवाजा. उघडलेल्या दरवाजाची रुंदी त्याला हाताने मोजून दाखवा आणि तेवढे अंतर सोडूनच चालवायला सांगा. दुसरा त्याहून गंभीर आहे. लांब ट्रक किंवा बस वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती कोपरा आतून कापत येतात आणि कडेने पुढे सरकलेला सायकलस्वार त्या फटीत सापडतो. चालकाला तो दिसतही नाही. थांबलेल्या मोठ्या वाहनाच्या कडेने पुढे घुसायचे नाही, मागेच थांबायचे. त्या वाहनाच्या आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपण त्याला दिसत नाही, हे मुलांना चटकन पटते.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसले पाहिजे. मागे सरकून कपाळ उघडे पडलेले हेल्मेट केवळ शोभेचे. हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटे जावीत, मूठ नव्हे. जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे. दप्तर पाठीवर किंवा कॅरिअरला घट्ट बांधलेले असावे, हँडलला लटकवलेली पिशवी पुढच्या चाकात अडकते. कानात काही नको. आठवड्यातून एकदा हवा, ब्रेक आणि चेन त्याने स्वतः तपासायची. पाहिल्यासारखे करेल, म्हणून पहिले काही आठवडे शेजारी उभे राहा.

नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गांतील मुले खऱ्या रस्त्यावर सायकल चालवून वाहतुकीची परीक्षा देतात आणि मोठी माणसे चौकाचौकांत उभी राहून त्यांची खूण, वळण आणि मागे बघणे टिपून घेतात. तुमच्या घरीही अशी परीक्षा घेता येईल. त्याला न सांगता वाटेवरच्या एका चौकात उभे राहा आणि तो एकटा असताना काय करतो ते पाहा.

प्रश्न : मी एका प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. मुलांनी चालत यावे असे आम्ही पालकसभेत नेहमी सांगतो. पण शाळा भरताना आणि सुटताना फाटकासमोर दुचाकी आणि मोटारींची अशी झुंबड उडते की चालत येणाऱ्या मुलांनाच जागा उरत नाही. शाळेने काय करावे?

उत्तर : पालकसभेत उपदेश करणे तूर्त थांबवावे. फाटकासमोरची ती वीस मिनिटे सुधारल्याशिवाय चालत पाठवा असे सांगणे पालकांना पटणार नाही, आणि त्यांचे चुकतेही नाही.

गर्दी विरळ करण्याचा सोपा उपाय म्हणजे गाड्यांना फाटकापासून लांब थांबवणे. शाळेपासून तीन-चारशे मीटरवर, रुंद पदपथाच्या दोन-तीन जागा निवडा आणि मुलांना तिथे उतरवून पुढे चालत पाठवण्याची पद्धत घाला. लांब राहणाऱ्या मुलांनाही यामुळे थोडे चालायला मिळते. या जागांपासून शाळेपर्यंत मुलांना जथ्याने आणता येईल. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातील डेव्हिड एंगविक्ट यांनी ही कल्पना 'चालणारी शाळेची बस' या नावाने मांडली: ठरलेली वाट, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा, पुढे एक मोठे माणूस आणि मागे एक. बसला इंजिन तेवढे नाही. जपानमध्ये अनेक प्राथमिक शाळांची मुले नेमून दिलेल्या वाटांनी गटाने जातात, वरच्या वर्गातले मूल पुढे असते आणि अनेक ठिकाणी पहिलीतल्या मुलांच्या डोक्यावर पिवळी टोपी असते, म्हणजे हे मूल नवे आहे हे वाहनचालकाला दुरूनच कळते.

अशी 'बस' सुरू करताना एकच वाट घ्या, आठ-दहा मुलांची, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस. पहिल्याच आठवड्यात सगळ्या दिशांना पाच वाटा सुरू करणाऱ्या शाळांचे पालक महिनाभरात थकतात. वेळ काटेकोर पाळा, पाच मिनिटे उशीर झाला की पालक पुन्हा गाडी काढतात. मुलांची मोजणी प्रत्येक थांब्यावर आणि शाळेत पोचल्यावर व्हावी, आणि ज्या पालकाला त्या दिवशी यायला जमणार नाही त्याने आदल्या रात्रीपर्यंत बदली माणूस द्यावा. लहान मुलांच्या गटात पाच-सहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे.

याच्या जोडीला स्थानिक प्रशासनाकडे दोन गोष्टी लावून धराव्यात. पहिली म्हणजे शाळा भरताना आणि सुटताना समोरचा रस्ता अर्धा-पाऊण तास वाहनांना बंद ठेवणे. इटलीतील बोलझानो शहराने १९८९च्या सुमारास हे सुरू केले. फळी आडवी लावायची आणि वेळ संपली की काढायची, एवढ्यावर ते चालते. दुसरी गोष्ट वेगाची आहे आणि त्यासाठी थोडे गणित पालकांसमोर मांडणे फायद्याचे ठरते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते, आणि समोर मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो. ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या रस्त्यावर सुमारे १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. म्हणजे सावकाश येणारी गाडी जिथे थांबलेली असते, तिथे जोरात येणाऱ्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. ५० च्या वेगाने बसलेला धक्का हा दहा मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो, ३० चा साडेतीन मीटरवरून पडण्याइतका. ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने १९९२ मध्येच मुख्य रस्ते वगळून बाकी शहरात ३० ची मर्यादा घातली, आणि २०२० साली स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेनेही पादचारी व सायकलस्वार वाहनांत मिसळतात तिथे हीच मर्यादा असावी असे जाहीर केले. नुसती पाटी लावून भागत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. गतिरोधक, अरुंद केलेला रस्ता किंवा ओलांडण्याच्या जागी उंच केलेला पट्टा, यांतले काहीतरी मागा.

अर्जासोबत मुलांनी काढलेले नकाशे जोडा. प्रत्येक मुलाला शाळेची वाट काढायला सांगून भीती वाटते तिथे लाल खूण करायला लावली, की एकाच कोपऱ्यावर शंभर लाल खुणा पडतात, आणि मोठ्यांच्या कोणत्याही निवेदनापेक्षा तो कागद जास्त बोलतो.

प्रश्न : पावसात आणि अंधाऱ्या सकाळी काय करावे? आणि दप्तराचे ओझे?

उत्तर : पावसात पायी जाणाऱ्या मुलाची छत्री त्याच्याच डोळ्यांआड येते, म्हणून रेनकोट बरा. मात्र रेनकोटाची टोपी कानांवर आणि डोळ्यांच्या कडेला येते, तेव्हा नुसते डोळे फिरवून चालत नाही, पूर्ण मान वळवावी लागते, हे त्याला घरी टोपी घालून दाखवा. सायकलचे ब्रेक ओले असले की उशिरा लागतात. अंधारात पुढे-मागे दिवा हवाच. चकाकणारी पट्टी घोट्याला किंवा पेडलला लावली तर ती हलते आणि लवकर लक्ष वेधते. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावे. पायी जाणाऱ्या मुलांपुरती तरी जड पुस्तके शाळेत ठेवण्याची सोय करायला शाळेला सांगा.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची आहे. तिचा मोठा भाऊ अकराव्या वर्षापासून सायकलने शाळेत जातो. तिला मात्र आम्ही व्हॅनने पाठवतो. भीती अपघाताची नाही, माणसांची आहे. ती विचारते, "दादा जाऊ शकतो तर मी का नाही?" आमच्याकडे उत्तर नाही.

उत्तर : तिचा प्रश्न रास्त आहे, आणि तुमची भीतीही खोटी नाही. पण माणसांविषयीची सावधगिरी मुलालाही लागते. तो मुलगा आहे म्हणून त्याला यातले काही सांगितलेच गेले नसेल, तर आता दोघांना एकत्र बसवून सांगा. दोघांसाठी नियम एकच ठेवले की तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिल्यासारखे होते.

तिला एकटीने जायला लावण्याचे कारण नाही. त्याच बाजूच्या दोन-तीन मुलींनी एकत्र निघावे, कोणी आली नाही तर बाकीच्यांनी काय करायचे तेही ठरवावे. वाट निवडताना सुनसान पण जवळची वाट सोडून वर्दळीची, दारे-खिडक्या उघड्या असणारी वाट घ्यावी. सायकलसाठी शांत गल्ली बरी असे मी वर लिहिले आहे, तेव्हा ती शांत हवी, ओस नको. वाटेवरची दोन-तीन घरे किंवा दुकाने ठरवा, तिथल्या माणसांशी तिच्यासमोर बोला, आणि कधीही गरज वाटली तर कारण न सांगता आत यायचे असे सर्वांना ठाऊक असू द्या. घरातल्या माणसांपुरता एक परवलीचा शब्द ठेवा. "आईने मला पाठवलंय" असे म्हणणाऱ्याला तो शब्द येत नसेल, तर त्याच्याबरोबर जायचे नाही, मग तो ओळखीचा का असेना. दप्तरावर बाहेरून दिसेल असे नाव लिहू नका, अनोळखी माणूस नावाने हाक मारतो तेव्हा मूल त्याला ओळखीचा समजते.

सर्वांत मोठी चूक पालकांच्या हातून नंतर होते. चार महिने सगळे सुरळीत चालते आणि एके दिवशी मुलगी सांगते की अमुक कोपऱ्यावर काही मुले उभी असतात, ती काहीबाही बोलतात. घाबरलेले आईवडील त्याच क्षणी सायकल बंद करतात. मुलगी एवढेच शिकते की सांगितले तर आपलेच जाणे बंद होते, आणि पुढच्या वेळी ती काही सांगत नाही. तिने असे काही सांगितले, तर आधी तिचे पूर्ण ऐकून घ्या, सांगितलेस हे चांगले केलेस असे म्हणा, आणि सायकलला हात लावू नका. त्याच संध्याकाळी तिच्याबरोबर त्या कोपऱ्यापर्यंत जा, कोण कुठे उभे असते ते तिच्याकडून नीट समजून घ्या, उद्यापासून कोणत्या गल्लीतून वळायचे ते तिलाच ठरवू द्या, आणि त्या मुलांशी बोलायचे काम तुम्ही घ्या.